गोबोच्या जांभया

नाटकातल्या कुठल्याही माणसावर विश्वास ठेवायचा नाही, हा इसाओ-सानचा पहिला नियम होता. नाटकाबाहेरच्या माणसांवर तर मुळीच नाही, हा दुसरा.

यात त्यांचा फारसा दोष नव्हता. ओसाकाच्या काराहोरी बाजारातल्या उतारावर त्यांचं कोंबूचं दुकान होतं, आणि समुद्री शेवाळाच्या त्या वाळलेल्या पट्ट्या पारखण्यात ज्याचं आयुष्य गेलं तो माणूस भोळा राहूच शकत नाही. कोणी वजन वाढवायला दमट माल खपवतो, कोणी वरच्या दोन पट्ट्या उत्तरेच्या थंड समुद्रातल्या ठेवतो आणि खाली कुठल्या तरी खाडीतला कचरा भरतो. इसाओ-सान पट्टी वाकवून बघत, उजेडात धरून बघत, कोपरा चावून बघत आणि शेवटी विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. आता दुकान त्यांची मुलगी मिसुझू सांभाळत होती, पण सवय काही गेली नव्हती. पंचाहत्तरी उलटली तरी सकाळच्या सूपकडेसुद्धा ते आधी रोखून बघत आणि मगच वाटी तोंडाला लावत.

काबुकीच्या नाटकांकडेही ते तसंच बघत. तेलवाल्याचं नाटक त्यांनी तरुणपणापासून पाहिलं होतं. त्यात तेलाच्या पेढीवरचा इमानी नोकर मालकाची चोरी स्वतःच्या अंगावर घेतो आणि गाव सोडून जातो. शेवटी पावसात छत्री उघडून तो एकदाच मागे वळून पेढीकडे बघतो, तेव्हा अख्खं नाट्यगृह डोळ्यांना रुमाल लावतं. इसाओ-सानचं मत वेगळं होतं.

"चोरी त्यानेच केलीय," ते शेजारच्याला सांगत. "नाहीतर रडताना डावाच डोळा का झाकतो? उजवीकडे मालक बसलाय ना, त्याला अश्रू दिसायला हवेत!"

प्रेमात पडून जीव देणाऱ्या जोडप्यांबद्दलही त्यांना शंका होती. मरायचं तर मरा, पण नदीपर्यंत जायला एवढा वेळ? वाटेत भूक कशी लागत नाही? आणि पाण्याजवळ पोचल्यावर ती पोरगी पाऊल मागे घेणार, हे त्यांना तिच्या टाचेवरूनच दिसत असे. नवरा मेल्याची बातमी आत्ता आली, मग हिचा अंबाडा सकाळपासून तयार कसा? असले प्रश्न ते दर महिन्याला विचारत आणि दर महिन्याला नाटकाला जात. तेलवाल्याची छत्री उघडली की त्यांचेही डोळे भरत. धूळ फार असते वरच्या मजल्यावर, असं ते म्हणत.

वरचा मजला ही त्यांची जागा. सगळ्यात मागे, छताखाली, जिथून नट मुठीएवढे दिसतात, तिथे ओरडणाऱ्यांची मंडळी उभी असते. नट ऐन प्रसंगात पवित्रा घेऊन थिजतो, रंगमंचाच्या कडेला गुडघ्यांवर बसलेला ठोकेवाला लाकडी ठोकळे फळीवर आपटत जातो, आणि शेवटचा ठोका पडला की एक पोकळी तयार होते. त्या पोकळीत मागून नटाच्या घराण्याच्या नावाची हाक यावी लागते. हाक जरा आधी आली तर पवित्रा मोडतो, जरा उशिरा आली तर लोक हसतात. बरोबर आली तर नटाचे खांदे वीतभर रुंद होतात. हे काम कोणी सांगत नाही आणि त्याचे पैसे मिळत नाहीत. मंडळीच्या सभासदाला मिळतो फक्त एक लाकडी बिल्ला. तो दाखवला की दारावरचा माणूस तिकीट न मागता वाकून नमस्कार करतो.

इसाओ-सान हाक देताना डोळे मिटून घेत. "डोळ्याला फसवता येतं," ते नव्या सभासदांना बजावत, "कानाला नाही." मिनातो-या घराण्याच्या आजोबांना त्यांनी हाक दिली होती, मग मुलाला दिली. आणि येत्या महिन्यात नातू आजोबांचं नाव धारण करून त्याच तेलवाल्याच्या भूमिकेत उभा राहणार होता. त्या छत्रीच्या पवित्र्यावरची पहिली हाक मंडळीतल्या सगळ्यात जुन्या माणसाची, म्हणजे इसाओ-सानची. एवढी एक हाक दिली की बास, असं त्यांनी देवघरातल्या बायकोच्या फोटोला सांगून ठेवलं होतं.

पण गेल्या हिवाळ्यापासून नाट्यगृहात कुठेतरी पाणी मुरत होतं. नवा ठोकेवाला ठोके गिळायचा. गाणारे तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे. शामिसेनच्या तारा तर नक्कीच कसल्या तरी स्वस्त मालाच्या आणल्या होत्या, कारण वाजवणाऱ्याचा हात हलताना दिसे आणि आवाज निम्माच पोचे. तरुण नट शब्दांची टोकं खाऊन टाकत. "कोणालाच आता काम नको आहे, नुसती टाळी हवी आहे," इसाओ-सान म्हणत, आणि मिसुझू पट्ट्या कापता कापता नुसती मान हलवे.

अशातच तिने पिल्लू आणलं.

कापडी पिशवीतून एक तपकिरी, लांबुडकं, पाय विसरून आलेलं प्रकरण बाहेर पडलं आणि सरळ इसाओ-सानच्या मोज्यावर तुटून पडलं.

"हे काय?"

"डॅक्सहुंड आहे, बाबा. जर्मन जात."

"पाय कुठे गेले?"

"असेच असतात त्यांचे."

"कोण म्हणालं? दुकानवाला? कापून विकले असतील. आणि कशाला आणलंस?"

"तुम्हाला सोबत."

"मला माझी सोबत पुरते."

मिसुझू हसली, पण नजर चुकवून. इसाओ-सानच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. पिल्लू लहान, एकटं राहत नाही. पाठ लांब, म्हणून त्याला जिना चढू द्यायचा नाही, उचलूनच न्यायचं. दिवसातून इतक्यांदा खायला, कागदावर शू करायला शिकवायचं, केली की शाबासकी द्यायची, नाही केली तर पुसायचं. म्हणजे घरात एक माणूस बांधला गेला. कोण बांधला गेला? मी! महिना कोणता? नाव धारण करण्याच्या समारंभाच्या आधीचा! हिला मला नाटकाला जाऊ द्यायचं नाही, एवढं त्यांनी त्या मोज्याला भोक पडेपर्यंत ताडलं होतं.

पिल्लाचं नाव मात्र त्यांनीच ठेवलं, गोबो. बाजारात मातीसकट मिळणाऱ्या त्या लांब तपकिरी मुळाचं नाव. आणि डाव कितीही ओळखला तरी माणूस अडकायचा तिथे अडकतोच. खडा जिना उतरताना इसाओ-सान एका हाताने कठडा धरत, दुसऱ्या हातावर गोबोला पालथं झोपवत, त्याची पाठ सरळ राहील अशी. रात्री तो गादीच्या पायथ्याशी बोगदा खणून आत शिरे आणि त्यांच्या पोटरीला टेकून झोपे. दुपारी ते त्याला नाटकं सांगत. जोडप्याच्या आत्महत्येच्या नाटकात तो पहिल्याच पुलापाशी झोपला, त्यामुळे त्याला नाटकातलं कळतं याबद्दल त्यांची खात्री झाली. तेलवाल्याच्या नाटकात मात्र तो शेवटपर्यंत जागा राहिला.

"बघ, तुलाही त्याचा संशय आला ना?" ते खूश होऊन म्हणाले.

गोबोने जांभई दिली.

ही एक त्याची खोड होती. दारावर पोस्टमन आला की जांभई. समोरच्या छपरावर मांजर दिसलं की जांभई. तीही साधी नाही, अंगाला हिसका बसून शेपटीपर्यंत पोचणारी, आणि एकामागून एक. फार तर खोकल्यासारखं काहीतरी पुसट ऐकू येई. इसाओ-साननी त्याच्या घशात बोट घालून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं.

"मुकं आहे हे," त्यांनी निकाल दिला. "भुंकतच नाही. नुसत्या जांभया. गळ्यात बांधलं तुझ्या त्या दुकानवाल्याने."

मिसुझूची सुरी पट्टीवर थांबली. 

"असेल मुकं," ती शेवटी म्हणाली आणि खाली मान घालून पुन्हा कापू लागली.

शेजारी ओकुनो-सानचं छत्र्यांचं दुकान. बाई विधवा, आणि जिभेला म्हणाल तर धार अशी की सुरीला लाजवेल. मधली भिंत सामाईक असल्यामुळे दोन्ही घरांत वाद कायम टिकून होता, कधी पन्हळीवरून, कधी कुंड्यांवरून. एका सकाळी ती दुकानात येऊन उभी राहिली.

"इसाओ-सान, तुमच्या त्या मुळ्याला आवरा जरा. सकाळपासून बोंबलतंय."

"कोण?"

"मी! मीच भुंकतेय भिंतीला तोंड लावून! कोण म्हणजे काय? कुत्रं!"

"आमचं कुत्रं मुकं आहे."

ओकुनो-सानचं तोंड उघडंच राहिलं. हे दृश्य काराहोरीत सहसा दिसत नसे.

"मुकं? मग काल माझं गिऱ्हाईक छत्री टाकून पळालं ते कोणाला घाबरून? तुम्हाला?"

"गिऱ्हाईक किंमत ऐकून पळालं असेल," इसाओ-सान म्हणाले.

ती पाय आपटत गेली. तिला काय हवंय ते इसाओ-साननी लगेच ओळखलं. आधी कुत्र्याची तक्रार, मग वस्तीच्या बैठकीत चर्चा, मग भिंत, मग पन्हळ. आणि मिसुझूने तिची बाजू का घेतली नाही, आणि माझी का घेतली नाही, नुसती डोळे पुसत आत का गेली, तेही त्यांच्या लक्षात आलंच. कांदा तर घरात नव्हता.

त्या महिन्याच्या दुपारच्या खेळाला ते गेले, गोबोला मिसुझूकडे सोपवून. वरच्या मजल्यावर मंडळीचा प्रमुख सेरा आधीच उभा होता. सेरा त्यांच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, पूर्वीचा न्हावी, माणूस गोड. इतकं गोड असण्याचं कारण काय, हा प्रश्न इसाओ-सानना अलीकडे पडू लागला होता.

खाली मिनातो-या घराण्याचा बाप कुठल्याशा सेनापतीच्या वेषात पाय आपटत पुढे आला. इसाओ-साननी डोळे मिटले. ठोके सुरू झाले असावेत. ढोल ऐकू येत होता, तळघरातून यावा तसा. मग काही नाही. झाला वाटतं, या ठोकेवाल्याने शेवटचा ठोकाही गिळला, असं म्हणत त्यांनी पोटातून हाक सोडली.

"मिनातो-याऽऽ!"

आणि त्याच क्षणी दोन्ही बाजूंनी, मागून, सगळी मंडळी एकदम त्यांच्या हाकेवर तुटून पडली. मिनातो-या, मिनातो-या! त्यांची हाक त्या गदारोळात पार बुडाली. त्यांनी डोळे उघडले तर सेराचं तोंड लाल झालेलं, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या.

हे हिवाळ्यापासून चाललं होतं. हाक एकट्याची असावी, शोभेची असावी, असं हेच लोक त्यांच्याकडून शिकले होते. आणि आता त्यांनी तोंड उघडलं की सगळे त्यांच्या आवाजावर चढून बसत.

मध्यंतरात डबे उघडल्यावर त्यांनी विषय काढला.

"माझ्या हाकेवर का पडता रे सगळे?"

"कुठे? अरे, रंगात आलो की होतं," सेरा म्हणाला.

"इतकी वर्षं नाही आलात रंगात. आता म्हातारपणी आलात?"

सेराने स्वतःच्या डब्यातला अंड्याचा तुकडा उचलून त्यांच्या भातावर ठेवला. बाकीचे खाली बघून लोणचं खाऊ लागले. इसाओ-साननी त्या अंड्याकडे बघितलं. न मागता आलेलं अंडं! त्यांनी ते बाजूला सारलं आणि मग, टाकायला जीव होईना म्हणून, सगळ्यात शेवटी खाल्लं.

यानंतर सेरा दुकानात दिसू लागला. नदीपलीकडे राहणारा, एकटा माणूस, आठवड्यात दोनदा कोंबू नेतो. अंघोळ करतो का त्यात? इसाओ-सान जिन्यावरून गोबोला घेऊन उतरत तर खाली सेरा आणि मिसुझू गल्ल्यापाशी डोकी जवळ करून कुजबुजत असायचे. हल्ली जो तो कुजबुजत होता. एकदा मिसुझू पदराखाली तोंड लपवावं तशी बाहीत तोंड लपवून उभी होती आणि सेरा तिची पाठ थोपटत होता. इसाओ-सान दिसताच दोघं हवापाण्याबद्दल बोलायला लागले. बाहेर ना हवा होती ना पाणी.

त्या रात्री त्यांनी सगळे धागे जुळवले. सेराला पहिली हाक स्वतःला हवी आहे. मिसुझूला त्याने फितवलं आहे. कुत्रं मला घरात डांबायला, ओकुनो-सानची तक्रार मला वेड लागलंय असं ठरवायला. न भुंकणारं कुत्रं भुंकतं असं चार लोकांनी सांगायचं, मी नाही म्हणायचं, की झालं, म्हातारा गेला कामातून, घ्या त्याचा बिल्ला काढून. तेलवाल्याच्या मालकानेसुद्धा इतकं नीट रचलं नसतं. यातला कच्चा धागा एकच होता, आणि तो इसाओ-साननी सकाळीच ओढायचं ठरवलं.

"चला," ते ओकुनो-सानच्या दारात जाऊन म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. माझ्या दुकानात, लोकांसमोर. भुंकवून दाखवा."

"वेडबिड लागलंय का?"

"तेच ठरवायचंय."

ती हातातली छत्री तशीच घेऊन आली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यातल्या एकीच्या पाठीवर तान्हं मूल झोपलेलं. मिसुझू "बाबा, नको," असं म्हणत गल्ल्यामागून बाहेर आली, पण इसाओ-साननी तिला हाताने थांबवलं आणि गोबोला फरशीवर ठेवलं.

ओकुनो-सानने त्याच्या नाकासमोर फाडकन छत्री उघडली.

गोबो मागे उडाला, चारही आखूड पाय रोवून उभा राहिला आणि त्याने एकामागून एक हिसक्यांच्या जांभया द्यायला सुरुवात केली.

"बघा!" इसाओ-सान हात पसरून सगळ्यांकडे वळले. "बघा, जांभई! मुकं आहे की नाही?"

कोणी हसलं नाही. एका बाईने दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते. दुसरीच्या पाठीवरचं मूल तोंड वासून लालबुंद झालं होतं आणि ती त्याला झुलवत होती. मिसुझू रडत होती. इसाओ-सान एकेकाच्या तोंडाकडे बघत गेले, माल बघावा तसे, आणि या वेळी कुठल्याच तोंडावर त्यांना खोट सापडेना.

ओकुनो-सानने छत्री हळूहळू मिटली. टोमणा मारायची इतकी चांगली वेळ तिला जन्मात मिळाली नसेल, पण ती गप्प राहिली. 

तिने त्यांचं मनगट धरलं, खाली बसवलं आणि त्यांचा तळवा गोबोच्या छातीवर ठेवला. दुसऱ्या हाताने छत्री पुन्हा उघडली.

तळव्याखाली धक्का बसला. मग दुसरा, तिसरा. आधी त्यांना वाटलं, स्वतःचंच काळीज धडधडतंय. मग त्यांनी गोबोच्या तोंडाकडे बघितलं. तोंड उघडत होतं आणि त्याच वेळी छातीतून धक्का येत होता. जांभई असा धक्का देत नाही.

 गिऱ्हाइकं केव्हा गेली ते त्यांना कळलं नाही. ओकुनो-सानही गेली, जाताना त्यांच्या खांद्याला ओझरता हात लावून.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मिसुझू त्यांच्या कानाशी बसली आणि आवाज खर्जात ठेवून, सावकाश बोलली. तसं बोललं की त्यांना ऐकू येतं, हे तिला माहीत होतं म्हणजे.

"दाराची घंटा तुम्हाला ऐकू येईना तेव्हापासून. मग किटलीची शिट्टी गेली. बारीक, टिपेचे आवाज आधी जातात म्हणे. म्हणून भुंकणारी जात आणली, घंटा नाही तर निदान ते तरी... आणि तुम्ही म्हणालात, मुकं आहे."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हाक दिली असती?"

 इसाओ-सानना सेराची फुगलेली मान आठवली.

"सेराला माहीत आहे?"

"सेराकाकांनीच मला आधी सांगितलं. तुमची हाक कधी आधी जाते, कधी नंतर. म्हणाले, ती गेली रे गेली की आम्ही सगळे वरून ओरडतो. म्हणजे चुकली कोणाची ते खालच्यांना कळत नाही. चूक सगळ्यांची होते."

इसाओ-सानना लाज वाटली. आयुष्यात कधी वाटली नव्हती अशी, कानांच्या पाळ्यांपर्यंत तापत जाणारी लाज. ज्या ठोकेवाल्याला त्यांनी सगळ्या बाजारात आळशी म्हणून बदनाम केलं, त्याने एकही ठोका गिळला नव्हता. तारा चांगल्या होत्या. नट शब्द पूर्ण उच्चारत होते. आणि ज्यांना ते चोर समजत होते त्यांनी महिनोन्महिने त्यांची चोरी आपल्या अंगावर घेतली होती. तो तेलवाला नोकर खरंच निर्दोष असेल की काय, अशी शंका त्यांना पहिल्यांदाच आली, आणि ते गोबोच्या मानेत तोंड खुपसून रडले.

समारंभाच्या दिवशी नाट्यगृहाच्या दारात साके दारूची पिंपं रचलेली होती आणि कंदिलांवर नातवाचं नवं, म्हणजे आजोबांचं जुनं नाव लिहिलेलं होतं. इसाओ-साननी ठेवणीतला किमोनो घातला होता. बिल्ला फडक्यात गुंडाळून बाहीत ठेवला होता. वर गेल्या गेल्या त्यांनी तो सेरापुढे धरला.

"हा घे. मला सगळं कळलंय."

सेराने बिल्ल्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. त्याचे ओठ हलले.

"जाड, खर्जातल्या आवाजात बोल," इसाओ-सान म्हणाले. "बारीक ऐकू येत नाही मला."

हे वाक्य त्यांनी सगळ्या मंडळीसमोर उच्चारलं. कोणी दचकलं नाही. सेरा कानापाशी वाकला.

"नाटक संपल्यावर दे. छत्रीवरची हाक तुझी आहे."

"चुकली तर पोराचा आजचा दिवस नासेल. आजोबाचं नाव घेतोय तो."

"चुकली तर आम्ही आहोत ना."

"तेच तर नको होतं मला," इसाओ-सान पुटपुटले, पण कठड्याजवळची आपली जागा त्यांनी घेतली.

तेलवाला आला, अंगावर आळ घेतला, डावा डोळा झाकून रडला. इसाओ-सान कठडा धरून उभे होते. छत्री जवळ येऊ लागली तसे त्यांचे डोळे सवयीने मिटू लागले, आणि त्यांनी ते ताणून उघडे ठेवले. मग त्यांनी असं काही केलं जे इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं. नट सोडून त्यांनी कडेला बसलेल्या ठोकेवाल्याकडे बघितलं. अगदी कोवळा पोरगा होता. घामाने त्याची मान चमकत होती आणि नजर नटाच्या पायावर खिळली होती.

छत्री उघडली. ठोकेवाल्याचे हात वर गेले. ठोकळे फळीवर पडू लागले, आधी दूर दूर, मग जवळ जवळ, मग नुसती थरथर. इसाओ-सानना त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. नातवाने मान वळवली, हनुवटी उचलली. दोन्ही हात एकदा उंच गेले, खाली आले आणि फळीवर तसेच राहिले.

"मिनातो-याऽऽ!"

हाक गेली. आता बाकीच्यांची येणार म्हणून इसाओ-सानचे खांदे आपोआप आखडले. त्यांनी डोळ्यांच्या कडेने बघितलं. सेराची छाती फुगलेली होती. पलीकडच्यांचीही. सगळ्यांनी श्वास भरून तोंडं अर्धी उघडून ठेवली होती, चूक झेलायला तयार. आणि मग, एकामागून एक, सगळ्यांनी तो श्वास तसाच सोडून दिला. सेराचे गाल बसले. त्याने तोंड मिटलं आणि बाहीने डोळे पुसले.

खाली नातवाचे खांदे वीतभर रुंद झाले होते.

नाटक संपल्यावर इसाओ-साननी बिल्ला पुन्हा पुढे केला. सेराने तो त्यांच्याच बाहीत कोंबला.

"पुढच्या महिन्यात डोळे उघडे ठेवून ये."

"डोळ्यांवर माझा विश्वास नाही."

"मग कशावर आहे रे तुझा विश्वास?" सेरा कानाशी ओरडला.

 इसाओ-सान जिना उतरू लागले, कठड्याला धरून.

घरी मिसुझू दारातच उभी होती. त्यांचं तोंड बघून ती बाजूला झाली. आतून गोबो फरशीवर घसरत धावत आला आणि त्यांच्यासमोर पाय रोवून तोंड उघडू लागला. इसाओ-सान किमोनोसकट खाली बसले. तळवा त्याच्या छातीवर ठेवून त्यांनी दोन-तीन धक्के मोजले, मधली पोकळी हेरली आणि पोटातून हाक सोडली.

"गोबो-याऽऽ!"

गोबो थबकला, मग दुप्पट जोराने सुरू झाला. मिसुझूने एकदम भिंतीकडे बघितलं आणि तोंडावर हात दाबून हसू लागली.

"काय झालं?" इसाओ-साननी संशयाने विचारलं. "ओकुनो-सान ना? काय म्हणाली?"

मिसुझू कानाशी वाकली. "म्हणाली, हाक अगदी बरोबर वेळेवर पडली."

"खोटं. ती असं म्हणणारच नाही. खरं सांग."

मिसुझूने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं.

"म्हणाली, एक होतं ते पुरलं नाही का, आता म्हाताराही भुंकायला लागला."

"हां," इसाओ-सान म्हणाले आणि समाधानाने गोबोला उचलून, त्याची पाठ हातावर सरळ धरून, जिना चढू लागले. "आता खरं बोललीस. यापुढे असंच सांगत जा."